ध्रुवीय समुद्रतळाचा गाळ आणि सूक्ष्मजीवाश्म: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न लोक सारखे पाठवत असतात, काही शाळेतली मुलं, काही भूगोल शिकवणारे आणि बरेचसे बातमी वाचून शंका आलेले. तेच उत्तर पन्नासदा टाइप करण्यापेक्षा एकत्र लिहून ठेवलंय. सोपे प्रश्न आधी घेतलेत, अडचणीचे शेवटी, आणि जे एकदा सांगितलं ते परत न सांगता प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. किनाऱ्याचा अभ्यास करायचा तर समुद्राच्या तळाचा चिखल कशाला उपसायचा? किनाऱ्यावरचे दगडच का बघत नाहीत?

कारण बघायला दगड उघडेच नाहीत. अंटार्क्टिकाची एक टक्कासुद्धा जमीन बर्फाबाहेर नाहीये, आणि जी आहे ती बहुतेक डोंगरांची टोकं. ग्रीनलंडला किनारपट्टी उघडी आहे, पण आतला भाग तिथेही झाकलेलाच. म्हणजे आपल्याला हवा असलेला खडक शेकडो-हजारो मीटर बर्फाखाली आहे, आणि तोच बर्फ सरकता सरकता तो खडक खरवडून समुद्रात आणून टाकतोय, न सांगता, लाखो वर्षं. म्हणून समुद्रतळाचा गाळ म्हणजे झाकलेल्या जमिनीचं घरपोच आलेलं सॅम्पल आहे असं मी नेहमी सांगतो.

ही युक्ती जुनी आहे. चॅलेंजर जहाजाची मोहीम १८७२ ते १८७६ चालली, १८७४ मध्ये ते दक्षिणेच्या बर्फापर्यंत गेलं पण अंटार्क्टिकाची जमीन त्यांना दिसलीच नाही. तरी तळातून वर आलेल्या जाळ्यात ग्रॅनाइट, नाइस, वालुकाश्म असे दगड होते, हिमनगांनी वाहून आणून टाकलेले. असे खडक ज्वालामुखीच्या बेटांवर होत नाहीत, खंडावर होतात. त्यावरून मोहिमेतले शास्त्रज्ञ जॉन मरे यांनी मांडलं की त्या बर्फामागे अख्खा खंड असणार. खंडाच्या आत तेव्हा कोणी पाऊलही टाकलेलं नव्हतं. मला ही गोष्ट अजूनही थक्क करते.

२. हा गाळ येतो कुठून आणि साचतो किती वेगाने?

मुख्य चार वाटा आहेत. हिमनदीच्या बुडाशी भरडला गेलेला माल, ज्यात दगडाच्या पिठापासून खोलीएवढ्या धोंड्यापर्यंत सगळं एकत्र असतं, त्याला टिल म्हणतात. दुसरं, बर्फाखालून वाहत येणारं वितळपाणी, जे गढूळ ढगासारखं समुद्रात पसरतं. तिसरं, हिमनग वितळताना त्यातून सुटून खाली पडणारे खडे. आणि चौथं म्हणजे पाण्यातच जगून मेलेल्या सूक्ष्मजीवांची कवचं. वारा पण थोडं आणतो, त्याचा घोळ प्रश्न १३ मध्ये आहे.

वेगाचं म्हणाल तर फरक प्रचंड आहे. नॉर्वेच्या उत्तरेच्या स्वालबार्ड बेटांवर, फ्योर्डमध्ये म्हणजे हिमनदीने कोरलेल्या अरुंद खाडीत, हिमनदीच्या तोंडाशी वर्षाला काही सेंटीमीटर गाळ बसू शकतो आणि आर्क्टिकच्या खोल मध्यभागात तेवढाच बसायला हजारो वर्षं जातात. म्हणून "एक मीटर म्हणजे किती वर्षं" याला एक उत्तर नाही, जागा सांगितल्याशिवाय.

३. सूक्ष्मजीवाश्म म्हणजे नक्की काय? डोळ्यांना दिसतात का?

गाळात पुरून राहिलेले सूक्ष्मजीवांचे अवशेष, बहुतेक कवचंच. फोरॅमिनिफेरा हे एकपेशी जीव, ज्यांना सगळे फोरॅम म्हणतात, ते साधारण वाळूच्या कणाएवढे असतात, नीट उजेडात बारीक ठिपका म्हणून दिसतात. त्यांची कवचं बहुतेक चुनखडीची, काही जाती मात्र वाळूचे कण चिकटवून घर बांधतात. डायटम म्हणजे एकपेशी शैवाल, ते त्याहून बरेच लहान, बहुतेक केसाच्या जाडीपेक्षाही कमी, आणि त्यांचं कवच सिलिकाचं म्हणजे काचेच्या जातीचं. याशिवाय रेडिओलॅरिया हे आणखी एक सिलिकाच्या सांगाड्याचे एकपेशी जीव, डायनोफ्लॅजेलेट या तरंगत्या एकपेशी जीवांच्या सिस्ट म्हणजे विश्रांतीची कवचं, आणि जमिनीवरून उडत-वाहत आलेले परागकण.

डायटम बघायची सोपी पद्धत सांगतो. टूथपिकच्या टोकावर मावेल एवढाच गाळ घ्यायचा, काचेच्या पट्टीवर पाण्याच्या थेंबात पातळ पसरायचा, गरम प्लेटवर सुकवायचा, वर चिकटद्रव्याचा थेंब आणि काचेचं झाकण. झालं. मायक्रोस्कोपखाली जे राखाडी चिखल वाटत होतं ते एकदम उलगडतं, गोल चकत्या, नावेसारखे लांबट, कडेला दात असलेले, आणि प्रत्येकावर इतक्या बारीक नियमित भोकांच्या ओळी की माणसाने कोरल्यात असं वाटावं. मधेमधे क्वार्ट्झचे धारदार तुकडे चमकतात, ते हिमनदीचं काम. एका पट्टीत जीव आणि बर्फ दोघांची सही मिळते.

४. एवढ्या खोल तळातून गाळ जसाच्या तसा वर कसा काढतात?

जहाजावरून जड वजन लावलेली लांब नळी तळात घुसवतात, तिच्यात अडकून वर येणाऱ्या गाळाच्या दंडगोलाला कोअर म्हणतात, आणि या पद्धतीचा तो ग्रॅव्हिटी कोअर. आत पिस्टन असेल तर जास्त लांब कोअर मिळतो. पण या दोन्हींत सगळ्यात वरचा मऊ थर विस्कटतो, म्हणून तेवढ्यासाठी मल्टीकोअरर वापरतात, छोट्या छोट्या नळ्या हळू टेकवणारा, त्यात तळावरचं पाणीसुद्धा निवळ येतं. कडक टिलमध्ये नळी घुसतच नाही, तिथे ड्रिलिंग लागतं, एकतर जहाजावरून नाहीतर तळावर ठेवलेल्या यंत्राने. आणि आइस शेल्फच्या खाली जायचं असेल, म्हणजे जमिनीवरून सरकत येऊन समुद्रावर तरंगणाऱ्या जाड बर्फाच्या खाली, तर गरम पाण्याच्या झोताने बर्फाला आरपार भोक पाडून त्यातून नळी सोडतात.

५. कोअर उभा चिरला की त्यात काय दिसतं?

शेल्फवरचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बुडालेल्या खंडाच्या कडेवरचा, एक नेहमीचा कोअर घेऊया आणि खालून वर वाचूया, कारण जुनं खाली असतं.

सगळ्यात खाली राखाडी, घट्ट, कसलेही थर नसलेला टिल, चिकणमातीत रुतलेले कोनेदार खडे. बर्फ इथे तळाला टेकून सरकत होता. त्याच्यावर बऱ्याचदा बारीक चिखल, खडे जवळजवळ नाहीत, जीवाश्म तुरळक, म्हणजे बर्फ उचलला गेला आणि तरंगायला लागला, वर छत आहे त्यामुळे उजेड नाही. मग एक पट्टा खड्यांचा, बर्फाची कड इथून मागे जात होती आणि हिमनग सुटत होते. आणि सगळ्यात वर हिरवट-तपकिरी मऊ डायटमचा गाळ, उघडा समुद्र. दोन-तीन मीटरच्या नळीत किनाऱ्यावरून बर्फ कसा मागे गेला त्याचा अख्खा क्रम असतो आणि तो बोट ठेवून दाखवता येतो!

दर वेळी इतकं सरळ नसतं हे खरंय. हिमनगाचं बूड तळ नांगरून थर कालवतं, उतारावरून गाळ घसरतो, किडे उकरतात. म्हणून चिरायच्या आधी कोअरचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करतात, त्यात खडे मोजता येतात आणि मोडलेले थर लगेच कळतात.

६. गाळ बर्फाखालच्या कुठल्या खडकातून आला हे कसं ओळखतात?

खड्यांचा प्रकार ही पहिली खूण. पण खरी ताकद बारीक कणांत आहे. झिरकॉन नावाच्या खनिजाच्या कणात युरेनियम-शिसं मोजून तो खडक कधी तयार झाला ते कळतं, आणि अगदी बारीक मातीतही निओडिमियम व स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण खडकाप्रमाणे बदलतं, बोटाच्या ठशासारखं. आता एका किनाऱ्यावर गाळाचा ठसा मधेच बदलला तर अर्थ असा की बर्फ वेगळी जमीन खरवडायला लागला होता. पूर्व अंटार्क्टिकाच्या अदेली किनाऱ्यासमोरच्या प्लायोसीन काळातल्या (सुमारे ५३ ते २६ लाख वर्षांपूर्वीच्या) गाळात हेच दिसलं, उष्ण टप्प्यांमध्ये गाळ विल्क्स खोऱ्यातल्या आतल्या खडकाचा होता, म्हणजे बर्फाची कड तेव्हा बरीच आत सरकली होती. पूर्वेकडचा बर्फ हलत नाही अशी समजूत होती, तिला या मातीने मोठा धक्का दिला.

७. एवढ्याशा कवचावरून समुद्र गोठलेला होता की मोकळा हे कसं सांगता?

एका कवचावरून नाहीच सांगत, कितीतरी शेकडो मोजून प्रमाणावरून सांगतो. प्रत्येक जातीची आपली जागा ठरलेली असते. फ्रॅजिलॅरिऑप्सिस कर्टा ही समुद्री बर्फाच्या आसपास वाढणारी, तिचीच बहीण फ्रॅजिलॅरिऑप्सिस केर्गुलेन्सिस जाड कवचाची आणि मोकळ्या समुद्रातली. कीटोसेरॉसचे विश्रांतीचे बीजाणू ढिगाने दिसले तर वसंतात पाण्यात अन्नाचा मोठा बहर आला होता. फोरॅममध्ये बघायचं तर निओग्लोबोक्वाड्रिना पॅकिडर्मा हा थंड पाण्याचा, आणि स्वालबार्डच्या फ्योर्डमध्ये कॅसिड्युलिना रेनिफॉर्मिस व एल्फिडियम क्लॅव्हेटम जोडीने आले की समजायचं हिमनदी जवळ आहे, पाणी गढूळ आहे. कवचाची रसायनंही बोलतात, ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून आणि मॅग्नेशियमच्या प्रमाणावरून पाण्याचं तापमान आणि वितळपाण्याचा अंदाज येतो.

कवच विरघळून गेलं तरी कधीकधी चरबीचे रेणू राहतात. आर्क्टिकच्या बर्फात राहणारे काही डायटम पंचवीस कार्बनचा एक खास रेणू बनवतात, आयपी-२५, तो गाळात सापडला म्हणजे वर हंगामी बर्फ होता. तो नसला तर मात्र सावध, कारण बर्फच नसला तरी तो मिळत नाही आणि बारमाही जाड बर्फ असला तरीही मिळत नाही.

८. वय कसं काढतात? कार्बन डेटिंग इथे चुकतं असं ऐकलंय.

चुकतं म्हणण्यापेक्षा फसवतं, आणि कसं फसवतं ते माहीत असलं तर सांभाळता येतं. दक्षिण महासागरात खोलातलं जुनं पाणी वर येतं, त्यात कार्बनही जुना असतो, त्यामुळे आज मेलेला शिंपलासुद्धा ११०० ते १३०० वर्षं जुना दिसतो. तेवढं वजा करावं लागतं. त्याहून त्रासाची गोष्ट म्हणजे चुन्याची कवचं मिळतच नाहीत (प्रश्न १२ बघा), मग गाळातल्या सेंद्रिय पदार्थाचं वय काढावं लागतं, आणि त्यात हिमनदीने उकरून आणलेला प्राचीन कार्बन मिसळलेला असतो. त्यामुळे अगदी वरचा, आत्ता बसलेला थरही कित्येक हजार वर्षांचा निघू शकतो.

म्हणून एका घड्याळावर कोणी विसंबत नाही. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांसाठी शिसं-२१०, म्हणजे किरणोत्सर्गी शिसं, ज्याचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं. पन्नासेक हजार वर्षांपर्यंत कार्बन. त्यापलीकडे पृथ्वीच्या चुंबकीय दिशेची उलटापालट, ज्वालामुखीच्या राखेचे थर, आणि कुठली डायटम जात कधी आली नि कधी संपली याचा क्रम. तीन घड्याळं एक वेळ दाखवायला लागली की मग विश्वास ठेवायचा.

९. तळाचा आकार काही सांगतो का, की फक्त गाळच?

खूप सांगतो. इतर खंडांचा शेल्फ किनाऱ्यापासून बाहेर हळूहळू खोल होत जातो आणि कड साधारण १३० मीटरवर असते. अंटार्क्टिकाचा शेल्फ सरासरी ५०० मीटरच्या आसपास खोल आहे आणि गंमत म्हणजे उलटा आहे, किनाऱ्याकडे जाल तसा जास्त खोल, कारण बर्फाने आतली बाजू पुन्हा पुन्हा खरवडली आणि वजनाने जमीन दाबली. या उलट्या उतारामुळेच तिथला बर्फ धोक्यात आहे, उबदार खोल पाणी उतारावरून थेट बर्फाच्या बुडाशी जातं.

त्या तळावर कित्येक किलोमीटर लांब समांतर सऱ्या दिसतात, शेत नांगरल्यासारख्या, वेगाने सरकलेल्या बर्फाच्या. पश्चिम अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीसमोर सुमारे ७०० मीटर खोलीवर पाणबुडी रोबोने दीडशेहून जास्त बारीक वरंबे टिपले, २०२२ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भरती-ओहोटीबरोबर बर्फ रोज उचलून टेकायचा आणि प्रत्येक टेकण्याचा एक वरंबा. दिवस मोजता येतात अक्षरशः. त्यावरून निघालं की गेल्या दोनशे वर्षांत कधीतरी साडेपाच महिन्यांच्या टप्प्यात बर्फ वर्षाला दोन किलोमीटरहून जास्त वेगाने मागे गेला होता.

१०. अंटार्क्टिकावर खरंच जंगल होतं का? की ही फॉरवर्ड केलेली गोष्ट?

होतं. २०१७ मध्ये अमुंडसेन समुद्रात, पाइन आयलंड हिमनदीच्या समोरच्या शेल्फवर, पोलारस्टर्न जहाजावरून तळावर यंत्र उतरवून ड्रिलिंग केलं, त्यात सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीची जंगलाची माती मिळाली, मुळांचं जाळं जागच्या जागी, आणि साठाहून जास्त प्रकारच्या वनस्पतींचे पराग आणि बीजाणू. तेव्हाही ती जागा दक्षिण ध्रुवाच्या बरीच जवळ होती, हिवाळ्यात महिनोन्‌महिने काळोख, आणि तरी वर्षाचं सरासरी तापमान १२ अंशांच्या आसपास. पूर्व बाजूला विल्क्स लँडसमोर ५ कोटी वर्षांहून जुन्या गाळात ताडवर्गीय झाडांचे पराग सापडलेत. उत्तरेला २००४ मध्ये आर्क्टिक महासागराच्या तळातल्या लोमोनोसोव्ह नावाच्या डोंगररांगेवर केलेल्या ड्रिलिंगमध्ये सुमारे ४.९ कोटी वर्षांपूर्वीच्या थरात अझोला भरलेला निघाला, गोड्या पाण्यावर तरंगणारं नेचं. आर्क्टिक महासागराच्या पृष्ठभागावर तेव्हा गोडं पाणी पसरायचं.

११. पूर्वीही बर्फ वितळला होताच ना, मग आताच्या वितळण्यात वेगळं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि त्याचं उत्तर याच चिखलात आहे.

पहिला भाग बरोबर आहे. रॉस समुद्राच्या बाजूला २००६-०७ मध्ये आइस शेल्फखाली १,२८५ मीटर खोल ड्रिल केलं, त्यात टिल आणि डायटमचा गाळ एकाआड एक, कितीतरी वेळा. प्लायोसीनमध्ये पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ सुमारे ४०,००० वर्षांच्या लयीत येत-जात होता, पृथ्वीच्या अक्षाच्या कलण्याबरोबर. पण हवेत तेव्हा कार्बन डायऑक्साइड साधारण आजच्याएवढाच होता आणि पृथ्वी दोन-तीन अंशांनी उबदार होती, म्हणजे हा दाखला धीर देणारा नाही, आज आपण जिथे उभे आहोत तिथून बर्फ कुठे जाऊ शकतो हे तो दाखवतो.

दुसरा भाग वेगाचा. २००२ च्या सुरुवातीला अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या लार्सन बी आइस शेल्फचा ३,२०० चौरस किलोमीटरहून मोठा भाग काही आठवड्यांत तुकडे तुकडे होऊन गेला. मग खालच्या तळाचे कोअर काढले, आणि त्यात उघड्या समुद्राचा थर मिळालाच नाही. दहा हजार वर्षं ते छत टिकून होतं आणि आपल्या डोळ्यांदेखत गेलं. पाइन आयलंडच्या आइस शेल्फखालच्या गाळावरून कळलं की बर्फ तळावरच्या एका उंचवट्यावरून १९४० च्या दशकात सुटायला लागला, पॅसिफिकमधल्या मोठ्या एल निन्योनंतर, आणि १९७० पर्यंत पूर्ण सुटला. नंतर पाणी परत थोडं थंड झालं तरी बर्फ परत टेकला नाही. ही गोष्ट फक्त उपग्रहांवर विसंबलो असतो तर कधीच कळली नसती, ते तेव्हा नव्हते.

१२. गाळात जीवाश्म नाहीत म्हणजे तिथे जीवच नव्हते का?

नाही, हा निष्कर्ष घाईचा ठरतो. थंड पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त मुरतो, पाणी चुन्याला खाणारं होतं, आणि अंटार्क्टिकाच्या शेल्फवर चुनखडी कवचं बऱ्याचदा पूर्ण विरघळतात. मागे उरतात वाळू चिकटवलेले फोरॅम आणि फोरॅमच्या आतलं सेंद्रिय अस्तर. डायटमही सुरक्षित नाहीत, नाजूक जाती खाली पोचायच्या आतच विरघळतात आणि जाड कवचाच्या उरतात, त्यामुळे मोजणी जाडांच्या बाजूने झुकते. हिमनदीच्या तोंडाशी तर गाळच इतका पडतो की कवचं असूनही त्यात हरवतात.

तसंच उलटंही लक्षात ठेवा, खडे जास्त म्हणजे हिमनग जास्त असंही नेहमी नसतं. तळाच्या प्रवाहाने बारीक चिखल धुऊन नेला तरी खडे दाट दिसतात. गोल गुळगुळीत खडे असतील तर ते किनाऱ्यावर गोठलेल्या समुद्री बर्फाने उचलून आणलेले असू शकतात, त्यात हिमनगाचा संबंधच नाही.

१३. समुद्री डायटम डोंगरावर सापडले, मग समुद्र तिथपर्यंत होता का?

यावर अंटार्क्टिकाच्या अभ्यासात वर्षानुवर्षं वाद चालला. ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतात उंचावर, सिरियस नावाच्या हिमनदीच्या निक्षेपांत, १९८० च्या दशकात प्लायोसीन काळातले समुद्री डायटम सापडले. एक गट म्हणाला, आत समुद्र होता, बर्फ परत वाढला तेव्हा त्याने तो गाळ उचलून डोंगरावर नेला. दुसरा म्हणाला, वाऱ्याने उडून आले. २०१६ मध्ये मॉडेलिंग करून दाखवलं गेलं की बर्फ मागे गेल्यावर दाब हलका होऊन वर आलेल्या समुद्रतळावरून वारा हे डायटम उडवून डोंगरापर्यंत नेऊ शकतो. म्हणजे दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं निघालं, वारा होता आणि बर्फही मागे गेलेला होता. मला यातून जागेचं महत्त्व पटलं, जीवाश्म खरा असला तरी तो तिथलाच आहे का हे वेगळं सिद्ध करावं लागतं. याच्याउलट पश्चिम अंटार्क्टिकाच्या व्हिलन्स बर्फप्रवाहाखाली थेट भोक पाडून काढलेल्या गाळात प्लाइस्टोसीनमधले (सुमारे २६ लाख ते १२ हजार वर्षांपूर्वीचे) डायटम मिळाले, १९९८ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि जाड बर्फाखाली वारा पोचत नाही, म्हणजे तिथे खरोखर उघडा समुद्र होता.

१४. किनाऱ्यावरच्या गोड्या तळ्यात खाली समुद्री जीवाश्म कसे?

बर्फाचं वजन गेलं की जमीन हळूहळू वर येते, हजारो वर्षं येत राहते. किनाऱ्याजवळचा एखादा खळगा आधी समुद्राचा भाग असतो, मग त्याचा उंबरा, म्हणजे तोंडाशी असलेला उंचवटा, पाण्याच्या वर येतो आणि खळगा समुद्रापासून तुटून त्याचं तळं बनतं. कोअरमध्ये खाली समुद्री डायटम, मधे निमखारे, वर गोड्या पाण्यातले. तो बदल ज्या थरात होतो त्याचं वय काढलं आणि उंबऱ्याची उंची मोजली की त्या दिवशी समुद्रसपाटी कुठे होती याचा एक पक्का बिंदू मिळतो. वेगवेगळ्या उंचीची चार-पाच तळी घेतली तर किनारा किती वेगाने उचलला गेला ती रेषाच काढता येते, आणि त्यावरून तिथे आधी किती बर्फ होता तेही. पूर्व अंटार्क्टिकातल्या लार्समन टेकड्यांवर आणि ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर अशी तळी आहेत. मात्र बदल उलटा दिसला, गोडं खाली आणि समुद्री वर, तर समुद्र जमिनीपेक्षा वेगाने चढला होता, आणि मधेच एखादाच वाळूचा समुद्री थर असेल तर त्सुनामी किंवा वादळाची लाट उंबऱ्यावरून आत आली होती का हे आधी तपासायचं.